उत्तर आलंच नाही तर?

वेब सर्व्हिसला विनंती पाठवून उत्तर वाचणं लवकर जमतं. डेव्हलपरचा खरा कस लागतो तो उत्तर न आल्यावर.

पैसे पाठवण्याची विनंती गेली आणि मध्येच टाइमआउट झाला, तर रक्कम वळती झाली की नाही हे कळत नाही. डोळे झाकून तीच विनंती पुन्हा पाठवली, तर खात्यातून दोनदा पैसे जाऊ शकतात. म्हणून स्ट्राइपसारख्या पेमेंट सेवा विनंतीसोबत ‘आयडेम्पोटन्सी की’ घेतात. तीच की पुन्हा आली, तर सर्व्हर नवा व्यवहार न करता पहिलाच निकाल परत देतो.

उत्तर आलं, पण ते नकाराचं असलं, तर त्यातले एचटीटीपीचे कोडही नेमके वाचता यायलाच हवेत. ४०१ म्हणजे ओळख पटलेली नाही. ४०३ म्हणजे परवानगी नाही. ४२९ आला, तर विनंत्यांची मर्यादा ओलांडली गेली आहे. अशा वेळी ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर सांगेल तेवढा वेळ थांबूनच पुढची विनंती पाठवावी.