ठासणीच्या बंदुकीला पाणी चालतं

माझ्या आजोळी, सिंधुदुर्गातल्या एका वाडीत, माजघराच्या भिंतीवर ठासणीची बंदूक टांगलेली असायची. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. भात पोटरीला आलं की मामा रात्री माळ्यावर जाऊन बसे आणि रानडुकरं हुसकायला हवेत एखाद-दुसरा बार काढी. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवरच्या हंड्यातलं कढत पाणी तांब्यातांब्यानं त्या नळीत ओतलं जाई. पहिलं पाणी शाईसारखं काळं यायचं आणि त्याला कुजक्या अंड्याचा वास यायचा. चौथ्या-पाचव्या तांब्याला ते निवळायचं. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ दरवेळी कळवळून म्हणत, "लोखंडाक पाणी कित्याक घालतंस? गंजात ना ता! राकेल घाल." मामा ऐकून घेई आणि पुढचा तांब्या ओती.

मामाचंच बरोबर होतं. ते का बरोबर होतं हे कळलं, की या बंदुकीबद्दलचे निम्मे गैरसमज आपोआप गळून पडतात.

काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती पेटली की सगळीच्या सगळी धूर होऊन उडून जाते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात वजनानं निम्म्याहून जास्त भाग घन स्वरूपात मागे उरतो. त्यातला काही पांढऱ्या धुरात तरंगताना दिसतो आणि उरलेला नळीच्या आत थापला जातो. या थराला आपण सवयीनं काजळी म्हणतो, पण ती दिव्याच्या काजळीसारखी नसते. तिच्यात मुख्यतः पोटॅशियमचे क्षार असतात. ते हवेतला ओलावा ओढून घेतात, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत त्यांना एक रात्र पुरते. हे क्षार पाण्यात चटकन विरघळतात. रॉकेलमध्ये किंवा तेलात विरघळत नाहीत. रॉकेल फिरवलेली नळी वरून चकचकीत दिसते, पण क्षार त्या तेलाखाली तसेच राहतात आणि लोखंड आतून खात बसतात. शिवाय खनिज तेल आणि ही काजळी एकत्र आली की डांबरासारखा चिकट लगदा होतो. तो खरवडून काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

म्हणून आधी पाणी, हवं तर साबणाचं. कढतच पाहिजे असं नाही, क्षार कोमट पाण्यातही जातात. कढत पाण्यानं नळी तापते आणि ओल लवकर उडते, एवढा त्याचा फायदा. मात्र पाण्यानंतर नळी कोरडी करण्यात आळस केला, तर शेजारच्या आजोबांची भीती खरी ठरते. गजाला कोरडी चिंधी गुंडाळून ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत फिरवायची आणि मग शेवटी तेलाचा पातळ हात.

पातळ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. जितकं जास्त तेल तितकी बंदूक सुरक्षित, असं मानून लोक नळीत तेल ओततात. उभ्या ठेवलेल्या बंदुकीत ते तेल हळूहळू बुडाशी उतरतं, कानाच्या, म्हणजे ठिणगी आत जाण्याच्या, बारीक भोकात शिरतं आणि ऐन वेळी दारू भिजते. कानावरची ठिणगी पाडणारी टोपी वाजते, बार फुसका निघतो. म्हणून भरण्याआधी नळी पुन्हा कोरड्या चिंधीनं पुसून घ्यावी लागते.

आता वंगणाचं पाहू. पुष्कळांना वाटतं की वंगण गोळी सुळकन बाहेर जावी म्हणून लावतात. खरी अडचण गोळी आत जाताना येते. दोन-चार बार झाले की काजळीनं नळी अरुंद होते आणि पुढची गोळी बुडापर्यंत उतरेनाशी होते. इंग्रजांच्या ब्राऊन बेस बंदुकीचं उत्तर सरळ होतं. नळीचा व्यास सुमारे 19 मिलिमीटर आणि गोळी साडेसतराच्या आसपास, म्हणजे काजळीला जागा आधीच सोडलेली. सैल गोळीमुळे नेम बिघडे, पण शिकलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. आतून आट्या, म्हणजे पीळदार खाचा, असलेल्या नळीला हे चालत नाही. गोळीनं आट्या धरल्या तरच ती फिरत जाते आणि नेम लागतो. तिथे गोळी जवळजवळ घट्टच लागते, आणि मग काजळी मऊ ठेवणारी चरबी, मेण असलं काहीतरी बरोबर घालावंच लागतं.

1857 च्या काडतुसाचं प्रकरण याच अडचणीतून आलं. काडतूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पितळी नळकांडं येतं. सिनेमातही तसंच काहीसं दिसतं. एन्फिल्डचं काडतूस म्हणजे कागदाची पुडी होती. 1853 ची ही रायफलही ठासणीचीच, तोंडाकडून भरायची, फक्त आतून आट्यांची. पुडीच्या एका टोकाला मोजून भरलेली दारू आणि दुसऱ्या टोकाला कागदात गुंडाळलेली गोळी. चरबी लावलेली असे ती गोळीच्या टोकाला. शिपाई दारूकडचं टोक दातानं तोडी, दारू नळीत ओती, पुडी उलटी करून चरबीचं टोक नळीत घाली, वरचा कागद फाडून टाकी आणि गजानं गोळी खाली उतरवी. म्हणजे कवायतीप्रमाणे दात चरबीच्या टोकाला लागत नसत. पण तेवढ्यावरून गाय-डुकराची चरबी तोंडाला लागेल ही शिपायांची भीती खोटी होती असं म्हणणं हा दुसऱ्या बाजूचा गैरसमज आहे. उन्हाळ्यात चरबी पाघळून साऱ्या पुडीला लागते, आणि ती हातात तर घ्यावीच लागते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती चरबी कोणत्या जनावराची आहे, गाय-डुक्कर त्यातून वगळलं आहे का, याची काळजी कोणी घेतलेली नव्हती. शिपायांनी विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता. जानेवारी 1857 मध्ये डमडमला ओरड झाल्यावर सरकारनं शिपायांना आपलं वंगण आपण लावायची मुभा दिली, पुढे दाताऐवजी हातानं फाडायलाही सांगितलं. तोवर विश्वास उडाला होता. 24 एप्रिलला मेरठच्या तिसऱ्या घोडदळ पलटणीतल्या 90 पैकी 85 स्वारांनी काडतुसं नाकारली. ती नवी नव्हतीच, जुन्याच पद्धतीची होती.

ठासणी हे नावही दिशाभूल करतं. ठासणी आहे म्हणजे ठासावं, जितकं जोरात तितका बार मोठा, असा समज पक्का आहे. 'ठासून सांगणे' बोलीत शोभतं, नळीत नाही. गजाचे दणके बसले की दारूचे दाणे चुरतात, शिशाची गोळी चेपते आणि प्रत्येक बार वेगळा जळतो. लागतो तो एकसारखा, ठाम दाब. अट एकच, पण प्राणावरची: दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहता कामा नये. गोळी मध्येच अडकली आणि तसाच चाप ओढला, तर नळी फुगते किंवा फाटते. जाणते लोक यासाठी गजावर खूण करून ठेवतात. नेहमीच्या मापाचा बार भरला की गज नळीच्या तोंडाशी कुठवर येतो, त्याची ती रेघ. रेघ वर राहिली तर गोळी खाली बसलेली नाही.

दारू वाढवून पल्ला वाढत जातो, हेही ठरावीक मर्यादेपर्यंतच. पुढे धक्का आणि काजळी तेवढी वाढते. आणि दारू ठेवायच्या शिंगातून ती थेट नळीत ओतू नये, माप वापरावं. मागच्या बाराची ठिणगी आत धुमसत असली तर मापातली दारू भडकेल, सगळं शिंग हातात फुटणार नाही.

एक गैरसमज मात्र जीवघेणा आहे. काळी दारू मिळाली नाही की फटाक्यातली किंवा आधुनिक काडतुसातली दारू चालेल. चालत नाही. कितीही कमी घातली तरी नाही. बिनधुराच्या दारूचा दाब या नळ्यांना सोसत नाही, आणि आवाजी फटाक्यांतलं मिश्रण गोळी ढकलण्यासाठी नसतंच, ते फोडण्यासाठी असतं. यात लोकांची बोटं आणि डोळे गेलेले आहेत.

जुनी म्हणून हिला परवाना लागत नाही, असंही ऐकू येतं. लागतो. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. आणि तो परवाना म्हणजे जनावर मारायची मोकळीक नव्हे. तिथे 1972 चा वन्यजीव कायदा लागतो.

राहिला भिंतीवरच्या बंदुकीचा प्रश्न. वर्षानुवर्षं टांगलेली आहे, दारू केव्हाच मेली असेल, असं म्हणून पोरांच्या हाती ती खेळायला दिली जाते. कोरडी काळी दारू मरत नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना 2008 मध्ये व्हर्जिनियात एका संग्राहकाचा जीव गेला. त्या गोळ्यातली दारू जवळपास दीडशे वर्षांची होती. नळीत पाणी ओतून ठेवलं तरी भरवसा नाही. ओल गेली की दारू पुन्हा पेटू शकते. भरलेला बार जाणत्या माणसाकडूनच काढून घ्यायचा.

नळी भरलेली आहे की रिकामी, हे मामा असं बघे. टोपी नाही याची खात्री करायची, तोंड आपल्यापासून दूर धरायचं आणि गज आत अलगद सोडायचा. रिकामी असेल तर लोखंडावर लोखंड आपटून खण्ण वाजतं. भरलेली असेल तर नुसतं ढप्प होतं, आणि रेघ वर राहते.