स्वयंपाकघरातील नवी साधने : कल्पकता आणि व्यवहार

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावोगाव गृहोपयोगी वस्तूंची प्रदर्शने भरतात. अशाच एका प्रदर्शनातून काही वर्षांपूर्वी आम्ही भाजी चिरण्याचे एक यंत्र घरी आणले. विक्रेत्याने आमच्या डोळ्यांदेखत बटाटा, गाजर आणि काकडी यांचे असे एकसारखे काप पाडून दाखविले होते, की पाहणाऱ्यांनी माना डोलवाव्यात. घरी आल्यावर मातोश्रींनी पहिल्या दिवशी त्यावर बटाटे चिरले, दुसऱ्या दिवशी कांदा चिरला. तिसऱ्या दिवशी मेथीची जुडी पुढे आली आणि यंत्र अडले. पात्यांच्या जाळीत अडकलेले कांद्याचे पापुद्रे काढावयास दात घासण्याचा जुना ब्रश लागू लागला. चौथ्या दिवशी मातोश्रींनी निमूटपणे विळी पुढे ओढली. ते यंत्र आजही आमच्या माळ्यावर आहे. विक्रेत्याने आम्हाला फसविले असे म्हणता येणार नाही. जे सांगितले ते सर्व त्याने करून दाखविले होते. ते यंत्र धुऊन मात्र त्याने दाखविले नव्हते.

आजच्या विषयाचे मर्म आम्हाला या लहानशा प्रसंगात सापडते. स्वयंपाकघरातील साधन चालते की नाही, हा प्रश्न निराळा आणि ते घरात टिकते की नाही, हा प्रश्न निराळा. पहिल्याचे उत्तर कारखान्यात किंवा प्रदर्शनाच्या टेबलावर मिळते. दुसऱ्याचे उत्तर मिळावयास साधन माळ्यावरून काढणे, मांडणे, वापरणे, धुणे, पुसणे, पुन्हा ठेवणे आणि मोडल्यास दुरुस्त करून आणणे, एवढा सारा हिशेब मांडावा लागतो. शोधकाचे लक्ष बहुधा यांपैकी एकाच पायरीवर असते. गृहिणीला मात्र साऱ्या पायऱ्या चढाव्या लागतात. काही प्रसिद्ध साधनांना हा हिशेब लावून पाहावा, असा आमचा विचार आहे.

प्रथम यशस्वी साधन घेऊ. प्रेशर कुकर आज घरोघर आहे. पण त्यामागील कल्पना तीन शतकांहून जुनी आहे. दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनमध्ये वाफ कोंडून अन्न शिजविणारे भांडे तयार केले. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि दाब वाढला की पाणी शंभर अंशांऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळू लागते. त्यामुळे अन्न फार लवकर शिजते. पापँच्या भांड्यात हाडेसुद्धा मऊ होत. १६८२ साली रॉयल सोसायटीच्या सभासदांनी त्यात शिजविलेले जेवण चाखले आणि वाखाणले. दाब बेताबाहेर जाऊ नये म्हणून वजनाने दाबून ठेवलेली झडपही त्याने बसविली होती. म्हणजे शास्त्र पुरे झाले होते. तरीही हे भांडे घरात यावयास सुमारे अडीचशे वर्षे लागली. ते जड होते, मळसूत्रांनी आवळून बंद करावे लागे आणि त्याची भीती वाटे. पत्र्यातून दाबून काढलेली हलकी ॲल्युमिनियमची भांडी, रबरी कडे आणि एका झटक्यात बसणारे झाकण ही सर्व विसाव्या शतकात जुळून आली, तेव्हा कुठे कुकर गृहिणीच्या हाती आला.

भारतात हॉकिन्स आणि प्रेस्टिज या दोन्ही नावांचे कुकर १९५९ साली तयार होऊ लागले. ते रुजले, याचे कारण आपला स्वयंपाक जसा होता तसाच कुकरने स्वीकारला. एकावर एक डबे रचले की खाली वरण, वर भात आणि त्यावर बटाटे, असे तिन्ही एकाच आचेवर होतात. साध्या भांड्यात तासभर रेंगाळणारी तुरीची डाळ पाव तासात मऊ होते. घड्याळाकडे न पाहता शिट्ट्या मोजण्याची युक्ती आपल्या बायकांनी स्वतःच काढली. स्वयंपाक करणारी देवघरात असो वा अंगणात, कुकर तिला हाक मारून सांगतो. रबरी कडे सैल झाले तर कोपऱ्यावरच्या दुकानात नवे मिळते. आणि धुवावयाचे काय? डबे तर तसेही धुवावयाचेच होते. जमाखर्चाच्या प्रत्येक ओळीत साधन उजवे ठरते, ते असे.

मिक्सरची कथाही अशीच बोधप्रद आहे. परदेशातून येणारी यंत्रे फळांचे रस आणि सूप यांसाठी घडविलेली असत. त्यांच्यासमोर भिजलेली डाळ, सुके खोबरे आणि हळकुंडे ठेवली की मोटर जळे. सत्यप्रकाश माथुर या मुंबईतील अभियंत्याच्या घरी हेच झाले. पत्नीचे जर्मन यंत्र बंद पडले आणि त्याची दुरुस्ती येथे होईना, तेव्हा आपल्या वाटणाला पुरे पडेल अशी जोरदार मोटर आणि तशी पाती त्यांनी तयार केली. १९६३ साली त्यातून ‘सुमीत’ मिक्सर निघाला. येथे शोध यंत्राचा नव्हता. आपल्या घरी काय वाटतात याचा होता. पाट्यावरवंट्यावर पदार्थ चिरडला जातो, मिक्सरच्या पात्याने तो कापला जातो आणि तापतोही. म्हणून चटणीची चव थोडी बदलली, हे खरे. पण पाट्यापुढे रोज अर्धा तास वाकणाऱ्या खांद्यांनी तो बदल आनंदाने पत्करला. खाणाऱ्याने चवीची हळहळ करावी. वाटणारीने केलेली आमच्या तरी ऐकिवात नाही.

रोज लागते तेच साधन ठेवावे, असा एक उपदेश नेहमी केला जातो. तो आम्हाला पुरता पटत नाही. पुरणयंत्र वर्षातून चार-पाच वेळाच निघते: होळीला, पोळ्याला, एखाद्या सणाला. तरीही ते माळ्यावरून उतरते आणि उतरताना कोणी कुरकुर करीत नाही. भोकांची चकती, तिच्यावर फिरणारे तिरपे पाते आणि एक दांडा, एवढाच त्याचा संसार. फ्रान्समध्ये झां मांतले याने १९३२ साली भाज्यांचा लगदा करण्यासाठी याच तत्त्वाचे हातयंत्र काढले. पुरण पाट्यावर वाटणे हे कष्टाचे काम. यंत्रात ते गरम असतानाच घातले तर भराभर उतरते, निवल्यावर मात्र भोके बुजतात. मोटर नाही, स्क्रू नाहीत, तिन्ही भाग सुटे होऊन पाण्याखाली धुतले जातात. म्हणून वापर किती वेळा, याबरोबरच त्या वेळी सुटणारे कष्ट किती, हेही मोजले पाहिजे.

आता अपयशाकडे वळू. कारण तेथे गोष्ट सोयीची राहत नाही. ती डोळ्यांची आणि फुप्फुसांची होते. चुलीचा धूर बायकांनी आणि त्यांच्या मांडीवरील मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या गिळला. तो घालविण्यासाठी वर्ध्याच्या मगनवाडीत ‘मगन चूल’ तयार झाली. १९५३ साली हैदराबादचे अभियंता एस. पी. राजू यांनी धुराडे असलेल्या बिनधुराच्या चुलीचा आराखडा प्रसिद्ध केला. पुढे १९८३ पासून भारत सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००२ पर्यंत सुमारे साडेतीन कोटी चुली बसविल्याची नोंद झाली. हेतू इतका चांगला आणि आकडा इतका मोठा असूनही पुष्कळ चुली लवकरच मोडल्या किंवा पडून राहिल्या. असे का व्हावे? धुराड्यात काजळी साचते आणि ती वरचेवर झाडावी लागते. ते काम कोणी करावयाचे, हे ठरलेले नव्हते. चुलीचे तोंड लहान, म्हणून लाकूड बारीक फोडावे लागे आणि ते फोडण्याचे कामही घरातल्या बाईच्याच गळ्यात पडे. भांड्याचे बूड चुलीच्या भोकाशी जुळेना, तेव्हा तिने भोक थोडे मोठे केले आणि त्यासरशी हवेचे सारे गणित चुकले. आपण याला अडाणीपणा म्हणावयास फार लवकर तयार होतो. आमच्या मते तिने आपल्या घरचा हिशेब बरोबर केला होता; आराखडा करणाऱ्यांनीच त्यातील काही रकमा लिहिल्या नव्हत्या.

सूर्यचुलीचेही तसेच झाले. १९५० नंतरच्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने सूर्यकिरण एकवटणारी आरशाची चूल तयार केली. ऊन फुकटचे, धूर नाही, लाकूड नाही. पण शेतावर जाणारीला भाकरी पहाटे हवी आणि दुसरे जेवण दिवेलागणीनंतर. दोन्ही वेळा सूर्य कामाला नाही. मधल्या वेळात आरसा सूर्याबरोबर वरचेवर फिरवीत उन्हात उभे कोणी राहावयाचे? मात्र शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात २००९ साली त्र्याहत्तर सौर तबकड्या बसवून त्यांच्या वाफेवर हजारो माणसांचा स्वयंपाक होऊ लागला. तत्त्व तेच, पण तेथे जेवण भर दुपारी लागते आणि तबकड्यांकडे पाहण्यास पगारी माणूस असतो. म्हणजे घरात जी कल्पना हरते ती भटारखान्यात जिंकू शकते.

साधनाचा विचार करताना शरीराची बैठकही विसरून चालत नाही. विळी पाहा. पाट पायाखाली दाबलेला असतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. टोकाला खोबरे खवण्याची सोय असते. बसून स्वयंपाक करणाऱ्या घरासाठी याहून नेटके साधन आम्हाला सुचत नाही. पुढे ओटे आले आणि माणसे उभी राहिली. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी सुमारे दोन मीटर रुंद आणि साडेतीन मीटर लांब असे स्वयंपाकघर आखले होते. पावले वाचावीत, हा त्यामागील विचार. पावले वाचली, पण त्यात एकच व्यक्ती काम करू शके. आपल्याकडे ओट्यासाठी घडीची विळी निघाली. ती मिटून ठेवता येते, लहान मुलांच्या घरात निर्धोक असते. परंतु तिच्यावर पाय येत नाही, म्हणून ती हातानेच धरावी लागते. विळीचे रूप ओट्यावर चढले, आधार मात्र जमिनीवरच राहिला!

अलीकडच्या दोन वस्तूंचा उल्लेख करून आटोपते घेतो. १९९० साली फिलिप स्टार्क यांनी इटलीतील अलेस्सी या संस्थेसाठी लिंबू पिळण्याचे तीन उंच पायांचे चकचकीत साधन घडविले. ते जगभर गाजले. पण गाळणी नसल्याने रसाबरोबर बियाही पेल्यात उतरतात. दिवाणखान्यात ते शोभेल. सरबताला आपला साधा चिमटाच बरा. दुसरी वस्तू २०१६ साली विक्रीस आलेले पोळ्यांचे यंत्र. सिंगापूरमध्ये प्रणोती नगरकर-इस्रानी यांनी ते सिद्ध केले. पीठ, पाणी आणि तेल भरले की ते कणीक मळते, पोळी लाटते आणि भाजते. एका पोळीला सुमारे दीड मिनिट लागते. चौघांच्या सोळा पोळ्यांना चोवीस मिनिटे झाली. सराईत हात तव्यावर एवढ्याच वेळात, किंबहुना आधीही, उरकेल. किंमत आणि ओट्यावरील जागा पाहता आमच्यासारख्या घरांना ते परवडणारे नाही. पण ज्या घरी कोणालाच पोळी लाटता येत नाही, किंवा जिचे मनगट आता लाटण्याला साथ देत नाही, तेथे ही चोवीस मिनिटे कोणाच्याच हातची जात नाहीत. हे लक्षात न घेता यंत्राला हसणे अन्यायाचे होईल.

तात्पर्य, नवे साधन दिसले की त्याची टिंगल करू नये आणि त्याला लगेच भुलूही नये. ते धुवावयाचे कसे, ठेवावयाचे कोठे, मोडले तर दुरुस्त कोण करील आणि आपली नेहमीची भांडी व पीठ-डाळ त्याला चालतात का, एवढे विचारावे. त्याहूनही आधी हे विचारावे, की या साधनाने कोणाचे काम कमी होणार आणि कोणाचे वाढणार? पुष्कळदा विकत घेणारा एक असतो आणि घासणारी दुसरी. आमच्या घरी ते चिरण्याचे यंत्र आम्ही आणले होते. ब्रश घेऊन मोरीशी मातोश्री बसल्या होत्या. प्रदर्शनात उभे असताना आम्ही त्यांना एक शब्द विचारला असता, तर आमचे पैसे वाचले असते. ज्यांच्या हाती आराखडे आहेत त्यांनी तेवढे विचारले असते, तर कदाचित पुष्कळ घरांतील धूरही वाचला असता.