आयडल गती वाढणे
अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन ज्या गतीने फिरते, तिला आयडल गती म्हणतात. टोयोटाच्या २२आर-ई पेट्रोल इंजिनाच्या जुन्या मॅन्युअल गिअर पिकअप ट्रकमध्ये इंजिन तापल्यावर ती मिनिटाला सुमारे ७५० फेरे असते. गती वाढल्यास उतारावर इंजिनाचा रोध कमी पडून ब्रेकवर ताण येतो. थ्रॉटल पूर्ण बंद न होणे किंवा अन्य मार्गाने जादा हवा आत शिरणे, ही याची प्रमुख कारणे होत. म्हणून प्रथम थ्रॉटलची केबल, नंतर व्हॅक्यूम नळ्यांच्या भेगा तपासतात. थंड इंजिनाला जादा हवा पुरवणारी झडप कूलंटच्या उष्णतेने बंद होते. कूलंट कमी असल्यास ती उघडी राहू शकते. दोष दूर केल्यानंतरच आयडल स्क्रूने गती जुळवतात. आधीच स्क्रू आवळल्यास गळती तशीच राहते.