कास्तकार अबोल होतो तेव्हा

पऱ्हाटीवर बोंडअळी पडली म्हणजे तिची वर्दी कृषि सहायकास तत्काळ पोहोचते. त्याच शेताच्या धन्याचे मन खचले, तर ती वार्ता मात्र घराच्या उंबरठ्याबाहेर येत नाही. विदर्भातील कास्तकार ‘मला नैराश्य आले आहे’ असे सहसा म्हणत नाही. झोप लागत नाही, डोके जड राहते, अन्न गोड लागत नाही, असे तो सांगतो व डोकेदुखीची गोळी घेऊन परततो. घरच्या स्त्रीचे दुखणे तर तेवढेही सांगितले जात नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास याची खूण शेतातही दिसते. दरवर्षी वेळेवर डवरणी करणाऱ्याचे रान तणाने माजले, बैलांच्या निगेत हयगय झाली, पोळ्याला तो तोरणाखाली आला नाही किंवा त्याचे दारू पिणे वाढले, तर त्यास आळशी ठरविण्यापूर्वी विचारपूस करावी. दोन आठवडे वा अधिक काळ मन उदास राहणे, कशातही गोडी न वाटणे, ही आजाराची लक्षणे असू शकतात व त्यावर उपचार आहेत. ‘माझ्यामागे पोरांकडे बघा’ अशी भाषा कानी आल्यास ती थट्टा समजू नये.

विचारावयाचे ते चारचौघांत नव्हे, बांधावर, एकान्तात. आम्हा विस्तार कार्यकर्त्यांना बोलण्याची सवय फार. शेतकऱ्याने अडचण सांगताच योजनेचे नाव सांगून आम्ही मोकळे होतो. येथे तसे करू नये. कर्ज, मुलीचे लग्न, दुबार पेरणी, जे निघेल ते शेवटपर्यंत ऐकावे. ‘भाऊ, पुरुषासारखे पुरुष तुम्ही, धीर सोडता?’ असे म्हटले की सांगणारा गप्प होतो. जीव देण्याचा विचार मनात येतो काय, हे स्पष्ट विचारावयास पुष्कळजण कचरतात. विचारल्याने तो विचार मनात शिरतो, हा समज चुकीचा आहे. उलट, बोलता आल्याने अनेकांस हायसे वाटते.

उत्तर होकारार्थी आल्यास त्यास एकटे सोडू नये. त्याला सांगूनच घरातील विश्वासू माणसास जवळ बोलवावे. फवारणीची औषधे त्याच दिवशी भावाच्या अथवा शेजाऱ्याच्या घरी कुलपात ठेवावी. असा आवेग बहुधा थोड्या वेळाचा असतो. ती घटका टळली तर माणूस वाचतो. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र विनामूल्य चालतो व मराठीतून बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञास दाखविण्यासाठी शक्यतो सोबत जावे. पोलिसांच्या भयाने काही कुटुंबे प्रकरण दडवितात. परंतु मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ अन्वये असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते व तिला शिक्षा होत नाही.

हे काम डॉक्टरांचेच, आपले नव्हे, अशी शंका येईल. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या उपक्रमात गावपातळीवरील कार्यकर्त्यांनाच शिकवून तयार केले होते. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण तेथे अठरा महिन्यांत शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले.

असे ऐकून घरी परतणाऱ्या कार्यकर्त्याचीही झोप उडते. त्याने ते मनात साठवू नये. नाव न घेता सहकाऱ्याशी बोलावे. १४४१६ हा क्रमांक त्याच्यासाठीही आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर पीकसल्ल्याशेजारी तो ठळक अक्षरांत लिहून ठेवावा, आणि पावसाने पुसला गेल्यास पुन्हा लिहावा.