पिशवी आणि पोकळी

स्तनांत सिलिकोनची पिशवी बसवितात, असें सर्रास म्हटलें जातें. पण तें बोलणें काटेकोर नव्हे. पिशवी दुग्धग्रंथींच्या आंत नव्हे, तर मागें बसते; आणि मागें म्हणजे नेमकी कोठें, यावरच शस्त्रक्रियेचें बरेंचसें यश अवलंबून असतें.

हा प्रयत्न पिशवीहून जुना आहे. हायडेलबर्गचे शल्यविशारद व्हिन्सेंझ चेर्नी यांनीं १८९५ सालीं एका स्त्रीच्या स्तनांतील रोगट भाग काढून ती उणीव तिच्याच कमरेजवळच्या चरबीच्या गांठीनें भरून काढली. सिलिकोनची पहिली पिशवी १९६२ सालीं अमेरिकेंतील ह्यूस्टन येथें क्रोनिन व जेरो यांनीं बसविली.

त्वचेखालीं चरबी व दुग्धग्रंथी, त्यांखालीं छातीचा रुंद स्नायू आणि त्याखालीं बरगड्या, असे थर असतात. स्तनाखालच्या घडींत, स्तनाग्राभोंवतालच्या वर्तुळाच्या कडेला किंवा काखेंत छेद घेऊन या थरांमध्यें पोकळी करतात. ती स्नायूच्या वर केली तर वेदना कमी. परंतु कृश स्त्रीच्या त्वचेखालीं पिशवीची कड व सुरकुत्या उमटून दिसतात. स्नायूखालीं केली तर जाड पांघरूण मिळतें आणि पुढें क्ष-किरणांनीं तपासणीही सोपी जाते; मात्र स्नायू आंवळला कीं पिशवीही हलते. म्हणून पिशवीचा वरचा भाग स्नायूखालीं व खालचा ग्रंथीखालीं, अशी मधली तोड निघाली. जॉन टेबेट्स यांनीं ती २००१ सालीं तपशिलानें मांडली.

हा विषय पुष्कळांना केवळ हौसेचा वाटतो. कर्करोगामुळें स्तन गमावलेल्या स्त्रीला तसें म्हणून पाहावें! तिच्यापाशीं ग्रंथी नसते, कातडीही बहुधा अपुरी पडते. तेव्हां प्रथम एक फुगणारी पिशवी ठेवून तींत सुईनें मिठाचें पाणी थोडथोडें भरतात. कातडी सैलावली कीं ती काढून कायमची पिशवी बसवितात.

‘कायमची’ हा शब्द मात्र फसवा आहे. रुतलेल्या काट्याभोंवतीं शरीर जसें वेष्टण घालतें, तसेंच पिशवीभोंवतींही घालतें. कांहीं जणींत तें आकसून छाती कठीण व दुखरी होते. पिशवी फाटली तरी बाहेरून कळेलच असें नाहीं. म्हणून अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें शस्त्रक्रियेनंतर ५-६ वर्षांनीं व पुढें दर २-३ वर्षांनीं तपासणी सुचविली आहे. २०१९ सालीं एका कंपनीच्या खरबरीत पृष्ठाच्या पिशव्या, वेष्टणांत उद्भवणाऱ्या एका विरळ कर्करोगाच्या संबंधामुळें, बाजारांतून परत घेण्यांत आल्या. ज्यांच्या छातींत त्या आधींच होत्या, त्यांनीं त्रास नसल्यास काढून घेण्याची गरज नाहीं. सूज किंवा वेदना दिसल्यास मात्र वैद्याकडे जावें, असें त्या खात्यानें कळविलें.