घरगुती इतिहासशिक्षणाचीं विनामूल्य साधनें : श्रीरामपूर परिसराचें उदाहरण

१. मुलांना घरीं इतिहास शिकवूं इच्छिणारे पालक प्रायः तीन अडचणी सांगतात : पुस्तकें महाग आहेत, संग्रहालयें दूर आहेत, आणि सनावळीला मुलें कंटाळतात. यांपैकीं तिसरी अडचण खरी आहे. पहिल्या दोन बऱ्याच अंशीं मानीव आहेत. साधनें विपुल आहेत व त्यांतील बरींचशीं विनामूल्य आहेत. उणीव आहे ती, साधन हातीं येतांच 'हें कोठून आलें, कोणीं केलें, कशासाठीं केलें ?' असें विचारण्याच्या संवयीची. ही संवय लागली म्हणजे मुलांचा कंटाळा आपोआप जातो. न लागली तर फुकट मिळालेलें साधनहि फुकटच जातें. प्रस्तुत विवेचनासाठीं श्रीरामपूर मुद्दाम निवडलें आहे. हें रेल्वेच्या आश्रयानें वाढलेलें नवें शहर. तेथें नामांकित किल्ला नाहीं, राजधानीचा थाट नाहीं. तेथें जें साधेल तें कोणत्याहि गांवीं साधेल.

२. पहिलें साधन म्हणजे स्टेशनावरील पाटी. शहराचें नांव श्रीरामपूर, परंतु पाटीवर नांव आहे बेलापूर. मुलाला पाटीपुढें उभें करून, असें कां, एवढेंच विचारावें. उत्तर लगेच सांगूं नये. त्याचे तर्क वहींत उतरून घ्यावे व नंतर नकाशा दाखवावा. मूळचें बेलापूर हें प्रवरेकांठचें जुनें गांव. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला, तो या गांवापासून कांहीं अंतरावरून गेला. जवळच्या जाणत्या गांवाचें नांव स्टेशनाला मिळालें. स्टेशनाभोंवतीं वखारी, बाजार व वस्ती झाली. वस्तीला पुढें श्रीरामपूर हें स्वतःचें नांव मिळालें. पाटी मात्र पूर्वींचीच राहिली. या एका पाटींतून मूल दोन गोष्टी शिकतें. नांव हाहि एक दस्तऐवज आहे ही पहिली. आणि लोहमार्ग पेठा हालवितो ही दुसरी.

३. दुसरें साधन गॅझेटियर. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १७ वा खंड या जिल्ह्याचा असून तो १८८४ सालीं छापला गेला. सुधारलेली आवृत्ति १९७६ ची. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर गॅझेटियरें मोफत वाचावयास मिळतात. जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें असल्यानें जुन्या खंडांचा शोध 'अहमदनगर' या नांवानें करावा लागतो, हें ध्यानांत ठेवावें. ग्रंथ इंग्रजींत आहे. पालकांनीं एक परिच्छेद निवडून त्याचा आशय मराठींत सांगावा. यांत श्रीरामपूर शोधूं गेल्यास सांपडणार नाहीं, बेलापूर सांपडेल. भंडारदऱ्याचें धरणहि सांपडणार नाहीं, कारण त्याचें काम १९१० सालीं आरंभून १९२६ सालीं पुरें झालें. ओझर व लाख येथील पाटांची माहिती मात्र आहे. म्हणजे प्रवरेचें पाणी वळविण्याचा उद्योग धरणापूर्वींचा आहे, पण बाजरी-ज्वारीच्या या प्रांतांत उंसाचें राज्य झालें तें धरणानंतर. हें कारण मुलानें पुस्तकाच्या मौनावरून स्वतः ओळखिलें, तर तें विसरणार नाहीं. त्याच वेळीं, हा ग्रंथ राज्यकारभाराच्या सोयीसाठीं लिहिला गेला, त्यांत लोकांविषयींचीं मतें अधिकाऱ्यांचीं आहेत, हेंहि सांगावें. मराठींत पडताळा पाहण्यास विश्वकोशाचे खंड व बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें संकेतस्थळांवर विनामूल्य आहेत.

४. तिसरें साधन घरांतच असतें. तें म्हणजे कागद आणि वडील माणसें. राजवाड्यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' प्रसिद्ध केलीं, त्याचे २२ खंड झाले. त्यांतील पुष्कळसे कागद लोकांच्या घरांतूनच मिळालेले आहेत. आपल्या घरीं पेशवाईंतील पत्र नसेल. पण जुना सात-बारा, विक्रीची पावती, शाळेचा दाखला, लग्नपत्रिका ही असतेच. या भागांत आणखी एक विशेष आहे. साखर कंपन्यांना शेतकऱ्यांनीं जमिनी खंडानें दिल्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर अशा जमिनी राज्य शेती महामंडळाकडे गेल्या. आणि त्या परत मिळाव्या म्हणून खंडकऱ्यांचा लढा दीर्घ काळ चालला. अशा कुटुंबांत खंडाचा एक कागद रद्दींत जाणें म्हणजे हक्काची साक्षच नाहीशी होणें होय. मुलाकडून कागदांची यादी करवावी : तारीख, विषय, कोणाच्या पेटींत सांपडला. मोडी वाचतां येत नसली तरी तो कागद टाकूं नये. वाचणारा पुढें मिळतो, कागद पुन्हां मिळत नाहीं.

आजीला १९७२ च्या दुष्काळाविषयीं विचारावें. खडी फोडण्याचें काम, लाल मिलो, सुकडी यांच्या आठवणी निघतील. मग गॅझेटियरांतील १८७६-७७ च्या दुष्काळाचा भाग काढावा. दौंड-मनमाड मार्गाच्या कामावर दुष्काळी मजूर होते हें तेथें दिसेल. स्टेशनाच्या पाटीखालून जाणारा तो रूळ मुलाला मग निराळा दिसूं लागेल. आजीचें कथन लिहितांना तिचें वय व कथनाची तारीख अवश्य लिहावी, आणि तिनें पाहिलेलें व ऐकलेलें वेगळें ठेवावें.

५. चौथें साधन सर्वांत मोहक व म्हणूनच सर्वांत जोखमीचें. श्रीरामपूर तालुक्यांतच प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबाद आहे. हें स्थळ १९५८ सालीं उजेडांत आलें. १९५८-५९, १९७४-७५ व १९७५-७९ अशीं तीन उत्खननें भारतीय पुरातत्त्व खात्यानें केलीं. इ. स. पूर्व सुमारें २२०० ते १००० पर्यंतच्या सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा व जोर्वे या पांच संस्कृतींचे थर तेथें लागले. १९७४ सालीं एका स्थानिक शेतकऱ्यास झाडाचें खोड खणतांना बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशा चार कांस्यमूर्ति सांपडल्या. त्यांचीं छायाचित्रें घरबसल्या पाहतां येतात, आणि त्या पाहून ज्याला कुतूहल वाटणार नाहीं असें मूल विरळा.

परंतु या मूर्तींचा काळ निर्विवाद नाहीं. देशपांडे, राव, साळी प्रभृति उत्खननकारांनीं त्या उत्तर हडप्पाकालीन मानिल्या. अगरवाल यांनीं धातूंतील आर्सेनिकाच्या प्रमाणावरून त्या पुष्कळ अलीकडच्या असाव्या अशी शंका घेतली. वाद राहण्याचें कारण उघड आहे. मूर्ति उत्खननाच्या खड्ड्यांत, ज्ञात थरांत मिळाल्या नाहींत; त्यामुळें थराची साक्ष त्यांना नाहीं. एवढ्या अमोल वस्तूंची ही स्थिति, मग खिशांत घातलेल्या खापराची काय कथा ! यास्तव टेकाडावर मुलांना न्यावें, पण एकहि खापर उचलूं देऊं नये. जागेवरच चित्र काढावें. शेतांत कांहीं सांपडल्यास न हालवितां कळवावें. १० रुपयांहून अधिक किंमतीच्या निखात निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणें १८७८ च्या कायद्यानें आवश्यकच आहे.

६. सारांश, पाटी, ग्रंथ, कागद, आठवण व टेकाड या पांचहि साधनांस पैसा पडत नाहीं. एक वही पुरे. तिच्या प्रत्येक पानावर वरच्या अंगास 'कोठून' हा शब्द आधीं लिहावा व मग मजकूर. ज्या घरांत अशी वही भरत जाईल, तेथील मूल परीक्षेंत किती गुण मिळवील तें सांगतां येत नाहीं. पण घरांतील जुनी पेटी रद्दीवाल्याच्या तराजूंत जातांना तें निश्चित आडवें येईल. इतिहासाची तेवढी सेवाहि लहान नव्हे.