फोटोखालची ओळ

चाळीसगाव स्टेशनाजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचा बंगला आहे. शाळेत असताना आम्हाला तिथं नेलं होतं. एका फोटोपुढे मी उभाच राहिलो. समोर मोकळं रान, लांबवर पसरलेलं, वर आभाळ. बाई म्हणाल्या, "हे सगळं एका टेबलावर मांडलंय." मूस घरातल्या साध्या वस्तू मांडायचे, उजेड हवा तसा पाडायचे आणि कॅमेऱ्यातून अख्खा मुलूख उभा करायचे. टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात तिला. आयुष्याची पन्नासेक वर्षं हा माणूस त्या घराबाहेर जवळपास पडलाच नाही. 1989 मध्ये तिथंच गेला. मला मात्र अजून नवल वाटतं ते बाईंच्या वाक्याचं. फोटोतला एक कणही हलला नव्हता, तरी त्या वाक्यानंतर मला तो पुन्हा पहिल्यासारखा दिसलाच नाही.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर अशा वाक्याला फोटोओळ म्हणतात. 30 सप्टेंबर 2000 च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये असोसिएटेड प्रेसचा एक फोटो छापून आला. पुढे रक्तानं माखलेला तरुण, मागे दंडुका उगारून ओरडणारा इस्रायली पोलीस. ओळीचा आशय असा: टेंपल माउंटवर इस्रायली पोलीस आणि एक पॅलेस्टिनी. वाचणाऱ्यानं क्षणात गोष्ट पुरी केली. पोलिसानं मारलं, पोरगा रक्तबंबाळ झाला.

मग शिकागोहून एका वडिलांचं पत्र गेलं. हा पॅलेस्टिनी नाही, माझा मुलगा आहे, जेरुसलेममध्ये शिकणारा ज्यू विद्यार्थी. जमावानं त्याला टॅक्सीतून ओढून मारलं, भोसकलं, आणि हा पोलीस त्याला वाचवत होता. वडिलांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती वाचताना माझ्या अंगावर काटा आला: पोलिसाच्या मागे पेट्रोलपंप दिसतोय, त्यावर हिब्रू अक्षरं आहेत, टेंपल माउंटसारख्या पवित्र टेकडीवर पेट्रोलपंप कुठून येणार? पुरावा फोटोतच होता. लाखो डोळ्यांसमोर होता. पण ओळ आधी वाचली गेली होती.

पुढे दुरुस्ती छापून आली. मात्र ज्यू वाचकांच्या मनातला प्रश्न दुरुस्तीनं मिटत नाही: चूक याच बाजूला का झुकली? मारणारा ठरवायला पुरावा लागला नाही, तो कशाच्या भरवशावर? वृत्तमाध्यमांवर ज्यूद्वेषाचा आणि दुहेरी मापाचा आरोप होतो, त्याच्या बुडाशी हा प्रश्न असतो.

ज्यू म्हणजे मारणारा, हा साचा फार जुना आहे. 1144 साली इंग्लंडमधल्या नॉर्विच गावात विल्यम नावाचा मुलगा मृत सापडला आणि काही वर्षांनी एका भिक्षूनं पोथी लिहिली की ज्यूंनी त्याचा बळी दिला. पुरावा शून्य. तरी ती कथा गावोगाव फिरली, शतकानुशतकं माणसं मारत राहिली. म्हणून 27 जानेवारी 2003 ला लंडनच्या 'इंडिपेंडंट' दैनिकानं इस्रायलचे पंतप्रधान शेरॉन यांना लहान मूल खाताना दाखवणारं व्यंगचित्र छापलं, तेव्हा चित्रकार म्हणाला, हे गोयाच्या प्रसिद्ध चित्रावरून आहे, आणि ज्यू वाचकांना नॉर्विच दिसलं. तिथल्या प्रेस कंप्लेंट्स कमिशननं तक्रार फेटाळली. मला चित्रकाराच्या हेतूवर बोलायचं नाही. पण तीच रेघ एका घरात फक्त राजकारण असते आणि शेजारच्या घरात आठशे वर्षांची दहशत, हे ज्यानं चित्र छापायला सोडलं त्याला ठाऊक असायला हवं होतं, असं मला ठाम वाटतं.

इस्रायलवर टीका केली की झाला ज्यूद्वेष, असं मात्र नाही. आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मरण आघाडीनं 2016 मध्ये स्वीकारलेली व्याख्याच सांगते की, इतर कुठल्याही देशावर होते तशी टीका ज्यूद्वेष मानता येत नाही. सगळं वजन त्या 'तशी'वर आहे. ते तपासायचं साधन आपल्या मराठीत आयतंच आहे. घर पडलं, घर पाडलं. गाव जळलं, गाव जाळलं. एक काना! पडलं म्हटलं की घर आपोआप पडतं. काना दिला की पाडणारा वाक्यात येऊन उभा राहतो. मर आणि मार यांतही तोच काना. आमच्या अहिराणीतसुद्धा 'मरी गया' आणि 'मारी टाका'. आता एका आठवड्याचे मथळे घ्या आणि काना कुणाच्या वाट्याला आला, ते बघा. पॅलेस्टिनींची तक्रार नेमकी इथंच आहे: इस्रायली मारले जातात, आम्ही नुसते मरतो. ती तक्रारही याच तराजूत घालावी लागते, तराजू बदलून चालत नाही.

17 ऑक्टोबर 2023 ला गाझातल्या अल-अहली रुग्णालयात स्फोट झाला. न्यूयॉर्क टाइम्सच्या सुरुवातीच्या मथळ्यात इस्रायली हल्ल्यात शेकडो ठार असं होतं आणि 'पॅलेस्टिनी म्हणतात' हे शेवटी. पुढे अमेरिकी गुप्तचरांचा अंदाज पॅलेस्टिनी गटाच्या भरकटलेल्या रॉकेटकडे गेला. 23 ऑक्टोबरला संपादकांनी लिहून मान्य केलं की हमासच्या दाव्यावर आपण फार विसंबलो. माणसं खरोखर गेली होती. काना मात्र माहिती येण्याआधी दिला गेला.

हे लांबचं वाटत असेल तर साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला चला. 1 जुलै 2018, रविवार, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जिवे मारलं. मुलं पळवणारे आले, अशी मोबाइलवर अफवा होती. नॉर्विचचीच अफवा, मूल तेच, फक्त परका बदलला. अशा बातमीचा मराठीतला ठरलेला साचा आठवा: 'मुले पळवणारी टोळी असल्याच्या संशयावरून पाच जणांची हत्या'. संशय कुणाला आला, ते वाक्यात कुठेच नाही, आणि 'टोळी' हा शब्द मेलेल्यांच्या अंगाला चिकटून राहतो. गावात पाहुणा आलेला एखादा सधन माणूस असा मारला गेला असता, तर मथळा असाच बसला असता का? मी नावं बदलून ते वाक्य मोठ्यानं वाचून पाहिलं. जीभ अडखळली.

आणि तरी याच मराठी मुलखात ज्यूंसाठी एक वेगळी ओळ लिहिली गेली आहे. पूर्वीच्या कुलाबा, आताच्या रायगड किनाऱ्यावर बेने इस्रायल ज्यू पिढ्यान्पिढ्या तेल गाळत होते. शेजाऱ्यांना नॉर्विच ठाऊक नव्हतं, त्यांनी डोळ्यांना दिसलं ते सांगितलं: हे तेली आहेत आणि यांचा घाणा शनिवारी बंद असतो. नाव पडलं, शनवार तेली.